दहा बादल्या

धायरीत आमच्या सोसायटीला पाणी कमी,
मतं भरपूर.
मार्चपासून दिवसाला सहा टँकर येतात
आणि प्रत्येक टँकरमागून एक सिद्धान्त.

सेक्रेटरी शेडगे मुळशीकडून
केरबा नानांना घेऊन आले, स्वतःच्या गाडीतून.
नानांच्या तळहातावर आडवा नारळ.
खाली पाणी असलं की तो उभा राहतो म्हणे.
"कशावरून?" मी विचारलं.
"सगळ्यांना माहीत आहे, मॅडम."

सत्तावीस वर्षं प्रयोगशाळेत
मी बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या.
सगळ्यांना माहीत असलेलं बरंचसं
गाळणकागदावरच राहिलं, हे पाहिलंय.
म्हटलं, दहा बादल्या मांडू पार्किंगमध्ये.
कुठली भरायची ते नाणं ठरवेल.
वर चादरी. आणि भरणाऱ्याने तिथे थांबायचं नाही;
झाकलेली बादली गप्प बसते,
माणसाचा चेहरा बसत नाही.

पहिल्या मजल्यावरच्या खांडेकरबाई स्वतःच्या चादरी
मोजून देत होत्या, मोजून घेणार होत्या.
नाना अनवाणी फिरले. घाई नव्हती त्यांना.
दहातल्या पाच बरोबर.
मग वॉचमनचा सिद्राम, इयत्ता सहावी,
डोळे मिटून बोट दाखवत पळत सुटला:
सहा.

हसलो सगळे. नानाही.
शेडगे नाही हसले. म्हणाले,
"जमिनीतलं पाणी जिवंत असतं, हे नळाचं."
पायरीवर बशीत चहा ओतत नाना म्हणाले,
"बाई, बादलीतलं पाणी शोधायला
आजवर कुणी बोलावलंच न्हाई मला."
यात खोटं एक अक्षर नव्हतं.
मी ते वहीत लिहिलं नाही.

जिंकल्यावर माणूस जरा जास्त बोलतो.
मी बोलले.
म्हटलं, नारळबिरळ राहू द्या,
हे सगळं टँकरचं राजकारण आहे,
आपल्या नगरसेवकाचा मेहुणाच टँकरवाला,
म्हणून तर लाइन होत नाही मोठी.
माना हलल्या. शेडग्यांचीसुद्धा.
इतकं एकमत या पार्किंगमध्ये
गाड्यांच्या जागांवरूनही कधी झालं नव्हतं.

सिद्राम बादल्या एकात एक घालत होता.
मान वर न करता त्याने विचारलं,
"कशावरून?"

"अरे, सगळ्यांना..."
वाक्य दातांपर्यंत आलं
आणि तिथेच उभं राहिलं,
नानांच्या नारळासारखं.

पुढच्या आठवड्यात नानांनी दाखवलेल्या जागी बोअर घेतली.
तीनशे दहा फुटांवर पाणी.
शेडग्यांनी पेढे वाटले, मला दोन दिले, मुद्दाम.
मी बोअरवाल्याला बाजूला घेऊन विचारलं,
या गल्लीत आजवर किती मारल्या?
नऊ. किती लागल्या? सात.
नारळ किती जागी लावला होता?
"दोन. का हो?"
हा हिशेब त्याच दिवशी सांगायला हवा होता.
तोंडात पेढा होता,
आणि खरं सांगायचं तर चांगला होता.

आता टेबलावर अर्ज आहे.
माहितीचा अधिकार, दहा रुपयांचा स्टँप,
टँकरचे ठेकेदार, गेली तीन वर्षं, नावांसकट.
स्टँप जिभेने ओला केला. कडू डिंक.
उत्तराला तीस दिवस.

तोवर कुणी लिफ्टमध्ये विचारतं,
"काय मॅडम, तो मेहुणाच ना?"
मी म्हणते, माहीत नाही.
लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंत हळू जाते.
फार हळू जाते.